सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवताय? आधी हे वाचा



पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांमध्ये शिंका सुरू होतात. रिकाम्या प्लॉटवर आणि नाल्याच्या काठाला गाजरगवत फुललेले असते. ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते. त्यात बांधकामाची धूळ आणि कचरा जाळल्याचा धूर. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ताप नाही, अंगदुखी नाही. पण दरवर्षी त्याच दिवसांत हा त्रास होतो आणि कित्येक आठवडे हटत नाही. अशी सर्दी बहुधा ॲलर्जीची असते.

नेमका हाच काळ आपल्या प्रवासाचा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. वस्तीतून जीप किंवा टेम्पो ठरतो आणि रात्रभर गाडी चालते. शिवाय रोज रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरीची मोटारसायकल चालवून घर चालवणारे आपल्यात कितीतरी आहेत. म्हणून ॲलर्जी, तिची गोळी आणि गाडी यांचा संबंध प्रत्येक घराने समजून घेतला पाहिजे.

ॲलर्जी अंगावर काढणेही धोक्याचे

शिंकताना डोळे मिटतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० असेल तर जवळपास १७ मीटर. एकामागून एक शिंका आल्या तर तेवढा रस्ता आपण न पाहता कापतो. डोळ्यांत पाणी असले की रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश पसरून दिसतो. नाक चोंदल्यामुळे रात्रीची झोप मोडते आणि दिवसा लक्ष लागत नाही. तेव्हा उपचार हवाच. प्रश्न एवढाच, की कोणता?

गोळी मेंदूवर काय करते?

ॲलर्जीत शरीर हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडते. त्यानेच शिंका आणि खाज येते. पण हेच हिस्टामीन मेंदूत आपल्याला जागे आणि सावध ठेवण्याचे काम करते. जुन्या प्रकारच्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि तिथलेही हिस्टामीन अडवतात. नाक थांबते, पण सावधपणाही मंदावतो.

इथे एक फसगत होते. "मला गोळीने झोप येत नाही, मी चालवू शकतो," असे अनेक चालक सांगतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने २००० साली गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर ४० जणांची चाचणी घेतली. डायफेनहायड्रामिन ही जुन्या प्रकारची गोळी घेतलेल्यांचे चालवणे दारू घेतलेल्यांपेक्षाही बिघडले. फेक्सोफेनाडिन ही नव्या प्रकारची गोळी घेतलेल्यांचे मात्र बिघडले नाही. महत्त्वाचे म्हणजे, किती झोप येते हे चालकाने स्वतः सांगितले तरी त्यावरून त्याचे चालवणे किती बिघडले आहे हे नीट कळत नव्हते. म्हणजे जांभई आली नाही म्हणून आपण सावध आहोत, असे समजू नये. पोलिसांच्या यंत्रात फुंकल्यावर दारू कळते, गोळी कळत नाही.

कोणते औषध कसे?

*जास्त गुंगी आणणारी:* क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन (ॲव्हिल), प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असते. यांचा अंमल लांबतो. रात्री घेतली तरी सकाळच्या पाळीला डोके जड राहू शकते.

*काहींना गुंगी आणणारी:* सिट्रिझिन आणि लेव्होसिट्रिझिन. जुन्या गोळ्यांपेक्षा बरी, पण सर्वांना सारखी मानवत नाहीत.

*सहसा गुंगी न आणणारी:* फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी. फळांच्या रसाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी येतो.

*नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा:* याने गुंगी येत नाही. मात्र पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि रोज वापरावा लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो त्रासाचे दिवस सुरू होण्याआधीच चालू करता येतो.

चालकाने आणि घरच्यांनी काय करावे?

१. डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला आधीच सांगा, "मी गाडी चालवतो, गुंगी न आणणारी गोळी द्या." नुसते "सर्दीची गोळी द्या" म्हणू नका.

२. पाकिटावरचे औषधाचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलामुलींकडून वाचून घ्या.

३. नवी गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन पाहा. लांबच्या प्रवासाच्या दिवशी नवी गोळी सुरू करू नका.

४. दवाखान्यात खाज किंवा ॲलर्जीसाठी इंजेक्शन घेतले असेल तर स्वतः गाडी चालवत घरी येऊ नका. कोणाला तरी सोबत न्या.

५. या गोळ्यांबरोबर दारू, झोपेची गोळी किंवा गुंगीचे खोकल्याचे औषध घेतल्यास परिणाम आणखी वाढतो.

६. गुंगी न आणणारी गोळी महाग वाटत असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची चौकशी करा. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यातही विचारा. एका अपघाताच्या खर्चापुढे गोळीचा खर्च काहीच नाही.

७. हेल्मेटची काच खाली ठेवा, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, घरी आल्यावर चेहरा धुवा. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, अंथरुणाला ऊन दाखवा. बंद खोलीत वंदना असेल तर उदबत्तीच्या धुरानेही शिंका येतात. खिडकी उघडी ठेवा.

८. प्रवासाची गाडी ठरवताना चालकाला दोन प्रश्न विचारा: झोप झाली का? कोणते औषध घेतले आहे का? लांबच्या रात्रीच्या प्रवासाला दोन चालक ठेवा.

काचबिंदू, लघवी अडकणे, किडनीचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी स्वतःच्या मनाने यातले काहीही घेऊ नये. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, दम लागत असेल किंवा ओठ-चेहरा सुजत असेल तर गोळीवर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पाचवे शील आपण सारे घेतो. मादक पदार्थ टाळायचे ते का? त्यांनी प्रमाद घडतो, माणसाचे भान सुटते म्हणून. औषध घेणे म्हणजे शील मोडणे नव्हे. आजारी माणसाने औषध घ्यावेच. पण ज्या गोळीने भान सुटते ती घेऊन स्टिअरिंगवर बसलो, तर तो प्रमादच आहे. आपल्या मागे बसलेली माणसे आपल्या भरवशावर झोपलेली असतात.