जपानी ठसाचित्रे आणि त्यांमागील हात

होकुसाई व हिरोशिगे यांच्यामुळे जपानची ठसाचित्रे जगभर नावाजली गेली; परंतु पुढे छायाचित्रे व यांत्रिक छपाई आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या धंद्यास उतरती कळा लागली. ही कला पुन्हा उभी कशी राहिली, हे समजण्यास आधी तिची कृती पाहू.

चित्रकार रेखाटन करतो. कोरणारा ते चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेघ तेवढी राखतो व भोवतालचे लाकूड काढून टाकतो. रंगांसाठी निराळ्या फळ्या लागतात. छापणारा फळीवर रंग लावून तीवर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या सालपटाने मढवलेल्या 'बारेन' नामक चकतीने पाठीमागून घासतो. आपल्याकडे छिपा ठसा कापडावर दाबतो. येथे कागदच ठशावर येतो. फळीवर कोरलेल्या दोन खुणांना कागद टेकवला की सारे रंग आपापल्या जागी बसतात.

म्हणजे नाव एकाचे, पण हात तिघांचे! तोक्योचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) यांनी १९१५ च्या सुमारास नव्या चित्रकारांची जुन्या पद्धतीच्या कारागिरांशी गाठ घालून दिली. या चित्रांना 'शिन-हांगा', म्हणजे नवी ठसाचित्रे, म्हणतात. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबे यांचे दुकान फळ्यांसह जळाले. चित्रकार कावासे हासुई यांच्या रेखाटनांच्या वह्याही गेल्या. तरीही काम पुन्हा सुरू झाले. फळी पुन्हा कोरता येते. कोरणारा मात्र हवा.

योशिदा हिरोशी यांनी कारागीर स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले. १९२६ साली त्यांनी शिडाच्या होड्यांचे एकच चित्र, केवळ रंग पालटून, सकाळचे, धुक्याचे व रात्रीचे असे छापले. पुढे ते हिंदुस्थानात आले. ताजमहाल, अजिंठा व वेरूळ त्यांच्या ठशांत उतरले.

यावर एक आक्षेप होता. यामामोतो कानाए यांनी १९०४ साली 'कोळी' हे चित्र स्वतः रेखाटून, कोरून, छापले. त्यांच्या पंथास वाटे, खरी कलाकृती एकाच हातची. आम्हांस हे सर्वस्वी पटत नाही. हासुईंचे 'झोजोजी मंदिरातील बर्फ' (१९५३) हे चित्र पारंपरिक कृतीची नोंद राहावी म्हणून सरकारी समितीने करवून घेतले. त्यासाठी कागद ४२ वेळा फळीवर ठेवावा लागला. हे एकट्याचे काम नव्हे.

तोक्योत १९९४ साली स्थापन झालेले आदाची प्रतिष्ठान तरुणांना कोरण्याचे व छापण्याचे शिक्षण देते. हात तयार होण्यास वर्षे लागतात.