सेल्फ बदलण्याआधी मीटर लावा!

गॅरेज टाकायचा विचार करताय? मग हा धडा तुमच्यासाठीच.

ग्राहकाची कार आली. चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज, इंजिन फिरतच नाही. नवखा मेकॅनिक लगेच सांगतो, "सेल्फ गेला." नवा बसवला, तरी गाडी ढिम्म! पैसे गेले, ग्राहकही गेला.

म्हणून गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा आणि क्रमाने तपासा:

१. बॅटरी: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाते? आधी बॅटरी चार्ज करून बघा.

२. टर्मिनल आणि अर्थिंग: पांढरी-हिरवी बुरशी साफ करा, ढिले नट आवळा.

३. सिग्नल: एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने सेल्फच्या बारीक वायरवर मीटर लावायचा. व्होल्टेज येत नाही? मग दोष चावीचा स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये.

४. सगळं बरोबर आहे आणि इंजिनही जाम नाही? आता सेल्फ खोला. तेव्हाही आधी कार्बन आणि सोलेनॉइड बघा. कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

आता धंद्याची गोष्ट. तपासणीची मजुरी आधीच सांगा. नुसतं टर्मिनल साफ करून गाडी चालू झाली, तरी ती न लाजता घ्या. ते तुमच्या ज्ञानाचे पैसे आहेत. पण न लागणारा पार्ट कधीच विकू नका. एका पार्टचा नफा एकदाच मिळतो, विश्वास बसलेला ग्राहक मात्र परत परत येतो.