दूधत्यागाचा वाद आणि ढोंगाचा आरोप

दूध, तूप, चामडें इत्यादि सर्व पशुजन्य पदार्थ वर्ज्य मानणारांस ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडांत १९४४ सालीं निघाला. अशा मनुष्याशीं दुभतीं बाळगणाराचा वाद जुंपला कीं पहिलें उत्तर ठरलेलें: ‘तुझ्या पायांतली चप्पल कशाची?’

महसुली कचेरींत आम्हीं अशीं उत्तरें नित्य ऐकिलीं. वादी म्हणे, माझा बांध कोरला. प्रतिवादी म्हणे, याची शेतसाऱ्याची थकबाकी पाहा. थकबाकी खरी असेलही, पण तेवढ्यानें बांध कोरला गेला नाहीं असें ठरत नाहीं. चप्पल चामड्याची निघाली तर घालणारा कच्चा ठरतो. वासराच्या वाट्याचें दूध किती काढलें, हा प्रश्न तसाच राहतो.

गांधींचेंच पाहा. कलकत्त्याकडे गाईंवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराविषयीं वाचून त्यांचें मन दुधावरून उडालें, व १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनीं तें सोडलें. १९१८ च्या दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सुचविण्यावरून शेळीचें दूध घेतलें. व्रत शब्दापुरतें उरलें, हें त्यांनीं आत्मचरित्रांत कबूल केलें आहे. पण त्यामुळें फुंका निर्दोष ठरला काय?

दुसरें उत्तर, ‘वनस्पतींसही जीव आहे.’ येथें जगदीशचंद्र बसूंचें नांव हटकून निघतें. (बोलणारा मात्र मेथी निवडतांना कधीं थबकलेला नसतो.) हिशेबच करावयाचा तर गाईनें खाल्लेला मका व पेंड दुधांत तेवढ्याच अन्नरूपानें परत येत नाहीं. कडबा आणि माळावरचें गवत मात्र माणसास खातां येत नाहीं. ही आपली बाजू खरी आहे, ती मांडावी.

उलट पक्षही तेंच करतो. पोळ्यास बैल पूजतां आणि थकला कीं बाजार दाखवितां, म्हणून तुमची माया खोटी, असें तो म्हणतो. बाजार दाखविला म्हणून दहा वर्षांची निगा खोटी होत नाहीं. परंतु त्या आरोपाखालीं एक खरा प्रश्न दडला आहे, तो संकरित गाईच्या गोऱ्ह्याचा. तो औतास उन्हांत टिकत नाहीं. औताचें काम बहुतेक ट्रॅक्टरकडे गेलें. आणि २०१५ पासून महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्या कत्तलीसही कायद्यानें बंदी आहे. मग तो गोऱ्हा किती दिवस दूध पितो व पुढें कोठें जातो, हें ज्याच्या त्याच्या गोठ्यास ठाऊक आहे. सभेच्या पुढील बैठकींत दूधदराबरोबर या गोऱ्ह्यांच्या चाऱ्याचा खर्च कोणीं सोसावा, हाही विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.