लॅपटॉपवरून मोबाईल चार्ज करताय? मग हे वाचाच



प्रदर्शनात स्टॉल लावलाय, प्लग एकच मिळालाय आणि मोबाईल १५ टक्क्यांवर आलाय. पेमेंट आल्याचे मेसेज त्याच मोबाईलवर येणार. मग आपण काय करतो? केबल काढतो आणि मोबाईल बिलिंगच्या लॅपटॉपला लावतो.

चालतं का? हो, चालतं. पोर्ट ५ व्होल्टचा असतो आणि मोबाईल त्याला झेपेल तेवढाच करंट घेतो. धड केबल असेल तर मोबाईल जळायची भीती नको. फक्त वेग कमी. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. ३.० वाला साडेचार वॅट. टाइप-सी पोर्ट बहुतेक वेळा याहून जास्त देतो.

आता धंदेवाल्यासारखा हिशोब करू. ५००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. अडीच वॅटने भरायला आठ तास तरी धरा, स्क्रीन चालू असेल तर आणखी. लॅपटॉप स्वतःच बॅटरीवर असेल आणि ती ४० वॅट-अवरची असेल, तर निम्मी मोबाईलच खाणार. दुपारी बिलिंग बंद! म्हणून त्या एका प्लगवर लॅपटॉपच लावून ठेवा. आणि झाकण बंद केलं की बऱ्याच लॅपटॉपचं चार्जिंग थांबतं, तेही बघा.

पण माझ्या मते खरी काळजी विजेची नाहीच, डेटाची आहे. त्याच केबलमधून फाइल्सही जातात-येतात. अँड्रॉइडवर केबल लावल्यावर येणाऱ्या यूएसबीच्या नोटिफिकेशनमध्ये ‘नो डेटा ट्रान्सफर’ किंवा फक्त चार्जिंगचा पर्याय ठेवा. आयफोन ‘ट्रस्ट’ विचारतो. चार्जिंगपुरतं ‘डोन्ट ट्रस्ट’ दाबलं तरी चालतं. यूएसबी डीबगिंग बंदच ठेवा. शेजारच्या स्टॉलवाल्याच्या लॅपटॉपला तुमचा मोबाईल लावताना तर हे आवर्जून करा.

आणि गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, जरा चार्जिंगला लावा ना.” नाही म्हणू नका हो, पण बिलिंगच्या लॅपटॉपला लावू नका. त्यात तुमची उधारी, जीएसटीची बिलं, गिऱ्हाइकांचे नंबर असतात. त्याच्या मोबाईलमध्ये काय आहे, हे तुम्हाला काय माहीत? मी दुकानात काउंटरखाली एक साधा चार्जर कायमचा लावून ठेवलाय. त्यातून फक्त वीज जाते, आणि चार्जिंग होईपर्यंत गिऱ्हाईक दुकानातच थांबतं!