हॅलोजन उतरवताना: मावशीचा कानमंत्र

पोरी, नवा दिवा आणायला निघण्याआधी एमसीबी खाली पाड आणि स्टुलावर चढून जुना काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरमध्ये फेज जिवंत असते. दिवा आत्ताच चालू होता का? मग अर्धा तास थांब. हॅलोजनच्या आतली काच अडीचशे अंशांच्या वर तापावीच लागते, नाहीतर त्याचं चक्र चालत नाही. तेव्हा चटका बसतो म्हणजे दिव्यात बिघाड आहे असं समजू नकोस. त्याची जातच तशी.

सोलापुरात सात रस्त्याच्या दुकानात मी गल्ल्यावर बसायची, तेव्हा "गोल स्पॉट द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ घरी पाठवायची, जुना घेऊन या म्हणून. गोल काय, सगळेच असतात. बघायची ती मागची बाजू. दोन बारीक सरळ पिना असतील तर तो बारा व्होल्टचा एमआर सोळा. जाड टोकाच्या दोन खुंट्या असतील आणि दिवा फिरवून बसत असेल तर जीयू दहा, थेट २३० व्होल्टवर चालणारा. जीयू दहाचं काम सोपं: तसल्याच बुडाचा एलईडी आण, फिरवून बसव, झालं.

खरी गंमत बारा व्होल्टवाल्याची. फॉल सिलिंगच्या पोकळीत त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर पडलेला असतो. त्यावर '२०-६० वॅट' असं काहीतरी छापलेलं सापडेल. लोक साठ वाचतात, तू वीस वाच. निदान वीस वॅटचा भार असल्याशिवाय तो नीट चालत नाही, आणि आपण त्याला लावतो पाच वॅटचा एलईडी. मग दिवा मिचमिचतो. माणूस दुकानदाराला शिव्या घालतो, दुसऱ्या कंपनीचा आणतो, तोही मिचमिचतो. शेवटी "एलईडी आपल्याकडे टिकतच नाहीत" असा निकाल देऊन मोकळा होतो. दोष ट्रान्सफॉर्मरचा असतो गं. तो काढूनच टाकायला सांग आणि स्वतःचा ड्रायव्हर असलेला, २३० व्होल्टवर चालणारा पूर्ण स्पॉट बसवून घे. भिंतीवर जुना डिमर असेल तर तोही काढ. तो हॅलोजनसाठी होता.

छत उघडलंच आहे तर वायरीचं टोक बोटानं वाकवून बघ. या दिव्यांचा आरसा उजेड खाली टाकतो आणि उष्णतेचा मोठा भाग मागे, म्हणजे वर छतात सोडतो. वर्षानुवर्षं भाजून वायरीचं आवरण कडक होतं, काळं पडतं, वाकवलं की तडकतं. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडायला लाव. वायरमन "चालतंय की" म्हणेल. चालू देऊ नकोस.

आता हिशेब. तुझे पन्नास वॅटचे आठ दिवे म्हणजे चारशे वॅट. रोज पाच तास लावले तर दोन युनिट, महिन्याला साठ. त्याच जागी सहा वॅटचे आठ एलईडी लावले तर महिन्याला सात-साडेसात युनिट. महावितरणच्या बिलात पहिली शंभर युनिटं एका दरानं, पुढची तीनशेपर्यंत त्याहून चढ्या दरानं, अशी पायरी असते. वापर शंभराच्या बराच वर असेल तर आपण वाचवतो ती युनिटं वरच्या, महागड्या पायरीवरची असतात. म्हणून बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढू नकोस, फायदा त्याहून जास्त आहे. आहेरवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे म्हणून सोलापूरकराला वीज स्वस्त मिळेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. दर नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या सगळ्या गावांना तो एकच.

चारशे वॅटचं आणखी एक दुखणं आहे. त्यातला बहुतेक भाग उजेड होतच नाही, नुसती धग होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात डोक्यावर हे आठ निखारे. एसी असेल तर ही धग बाहेर फेकायला आणखी शंभर-सव्वाशे वॅट जातात. कूलरवाल्यांची तर कीवच येते.

तू विचारशील, बल्ब सगळे कधीचे बदलले, मग हे स्पॉटच कसे राहिले? ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं घाऊक खरेदी केली आणि २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. पण ते साधे बल्ब. पुढं ट्यूब आणि पंखे आले. पीओपीच्या छतातला हॅलोजन म्हणजे हौसेची वस्तू, तिच्याकडे सरकार कशाला बघेल? युरोपात मात्र घरगुती व्होल्टेजवरचे हॅलोजन स्पॉट १ सप्टेंबर २०१६ पासून विक्रीतून बाद व्हायला लागले.

दुकानात गेलीस की वॅट विचारू नकोस, लुमेन विचार. पन्नासच्या हॅलोजनला साडेचारशे-पाचशे लुमेनचा एलईडी पुरतो. लुमेनला वॅटनं भाग. ऐंशी-नव्वदच्या खाली उत्तर आलं तर डबा परत ठेव. मग झोताचा कोन बघ, हे बहुतेक जण विसरतात. दहा फुटांवरून २४ अंशांचा झोत जमिनीवर सव्वाचार फुटांचं वर्तुळ पाडतो, ३६ अंशांचा साडेसहा फुटांचं, ६० अंशांचा साडेअकरा फुटांचं. रेल्वे लाइन्सकडच्या जुन्या उंच छताच्या घरात ६० चा लावला तर उजेड भिंतींवरच सांडतो. तुझ्या फ्लॅटमध्ये ओट्यावर ६० आणि तसबिरीवर २४ बरा.

रंग २७०० किंवा ३००० केल्विन घे, हॅलोजनच्या जवळचा तोच. ६५०० चा पांढराफटक उजेड बसायच्या खोलीत मला सोसत नाही. ज्याला आवडतो त्यानं लावावा. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा माग. दुकानदार कुरकुरेल, थोडा महाग पडेल. खात्री करायची तर एखादी लाल काठाची इरकल पिशवीत घालून ने आणि त्या दिव्याखाली धर. स्वस्तातल्या दिव्यात लाल रंग विटकरी दिसतो. गौरी बसवताना साडीवर कुठला दिवा टाकायचा हेही यातच ठरतं. तिथं हॅलोजन तर मुळीच नको, फुलं माना टाकतात आणि सजावटीचं कापड जवळ असतं.

डब्यावर आयएस १६१०२ किंवा त्या दिव्याला लागू असलेला दुसरा भारतीय मानक क्रमांक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोध. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. सर्ज किती केव्हीचा सोसतो तेही वाच. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा आणि व्होल्टेज दोन्ही खेळ करतात. आणि हातात तोलून बघ. मागं ॲल्युमिनियमचं जड अंग असेल तर उष्णता बाहेर जाते. एलईडीही तापतो, थोडा. त्याला ती धग सोसत नाही, आधी ड्रायव्हर मरतो. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या पोकळीत मे महिन्यात काय भट्टी असते ते आठव, आणि स्पॉटच्या पाठीवर वायरींचा गुंता किंवा कापूस पडू देऊ नकोस.

माप भोकाचं घे, बाहेरच्या कडीचं नको. छताच्या वर किती इंच मोकळे आहेत तेही मोज.

सगळे एकदम उचलू नकोस. आधी एकच आणून दोन रात्री लाव आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण कर. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मिचमिचतो, आपल्या डोळ्याला कळत नाही इतकंच. पसंत पडला तर बाकीचे एकाच वेळी, एकाच खोक्यातले घे, वर एक जास्तीचा. पुढच्या वर्षी तोच रंग मिळेलच असं नाही. बसवल्याची तारीख मार्करनं दिव्याच्या पाठीवर लिही आणि पक्कं बिल मागून घे, नाहीतर गॅरंटीला काही अर्थ नाही.

आणि आठही बदलायलाच हवेत असं कुणी सांगितलं? शोकेसमधले दोन दिवे वर्षातून चारदा लागतात, ते राहू देत. तीन तर मुळात नकोच होते, बिल्डरच्या हौसेचे. ती भोकं बुजवून टाक. पहिला ओट्यावरचा बदल, तो रोज सगळ्यात जास्त जळतो. बसायच्या खोलीतले दोन पुढच्या पगाराला.