चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
(स्वस्त माउंटन सायकल घ्यावी का, आणि घेतली तर तिच्यावर किती खर्च करावा?)



दरवर्षी शाळा उघडली की आपल्या सायकल स्टँडवर नव्या सायकलींची गर्दी होते. त्यात जाड टायरच्या, रंगीत, गिअरच्या माउंटन सायकली सर्वांत जास्त असतात. कोणाला दोन शॉकर, कोणाला डिस्क ब्रेक. मधल्या सुट्टीत तिथे प्रदर्शन भरते आणि साधी काळी सायकल आणणारा मुलगा कोपऱ्यात उभा राहतो. म्हणून या अंकात आम्ही या विषयावर थोडे शिकवायचे ठरवले. विषय सायकलीचा आहे, पण त्यात गणित आहे, विज्ञान आहे आणि घरखर्चाचा हिशेबही आहे.

एक खरी अडचण

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाचे वडील आम्हाला भेटायला आले. ते सियागंजातील एका दुकानात नोकरी करतात. मुलाला त्यांनी साडेआठ हजारांची गिअरची सायकल घेऊन दिली होती. दहा महिन्यांनी मुलाने नवी यादी पुढे केली. पुढचा शॉकर, डिस्क ब्रेक आणि मागे जास्त दात्यांचे गिअर. एकूण खर्च नऊ हजार. म्हणजे सायकलीच्या किमतीहून जास्त! वडील म्हणाले, "आपणच याला समजवा. नाही म्हटले तर दोन दिवस जेवत नाही."

आम्ही समजावले नाही. आम्ही दोघांना घेऊन सायकल दुरुस्तीच्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी चाक फिरवले, ब्रेक दाबला आणि आमच्याकडे पाहिले. पुढच्या ब्रेकचे रबर झिजून आतले लोखंड रिमला लागत होते. तार गंजली होती. हबमधले छर्रे कोरडे पडले होते. चेन लांबली होती. मग मुलाने हळूच सांगितले की आठ दिवसांपूर्वी उतारावर ब्रेक लागला नव्हता आणि तो एका टेम्पोवर आदळता आदळता वाचला होता. घरी सांगितले असते तर सायकल बंद झाली असती, म्हणून तो गप्प राहिला.

वडील काही बोलले नाहीत. नऊ हजारांच्या यादीत ब्रेकच्या रबराचे नाव नव्हते. त्या दिवशी नवे रबर, नव्या तारा, ग्रीस आणि चेन मिळून नऊशे रुपयांच्या आत काम झाले.

ही सायकल आली कुठून?

माउंटन सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली स्वस्तात मिळवत आणि डोंगरावरून खाली सोडत. १९७६ पासून त्यांच्या शर्यती ज्या उतारावर होत त्याला 'रीपॅक' म्हणत. कारण असे की उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे.

म्हणजे पहिल्या माउंटन सायकली या जुन्या सायकली सुधारूनच झाल्या! मग आम्ही सुधारण्याला विरोध का करतो? तर पुढचा भाग वाचा. त्या तरुणांनी चांगले ब्रेक लावले, गिअर लावले. पण जुनी फ्रेम अशा कामासाठी बनलेलीच नव्हती. शेवटी १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकणे सुरू केले, १९८१ मध्ये कारखान्यातून मोठ्या संख्येने तयार होणारी 'स्टंपजंपर' आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ सामील झाला. धडा असा की भाग बदलता येतात, पण फ्रेम ही सायकलीची मर्यादा आहे. फ्रेम साधी असेल तर वर कितीही मसाला घाला, कोंबडी चार आण्याचीच राहते.

अठरा गिअर म्हणजे अठरा वेग नव्हेत

आता वही-पेन्सिल घ्या. पुढच्या चक्क्याचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, हे झाले गुणोत्तर. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळते.

समजा पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांचे तीन चक्के आहेत आणि मागे १४, १६, १८, २१, २४ आणि २८ दात्यांच्या सहा चक्र्या. तीन गुणिले सहा, अठरा. चाकाचा परिघ साधारण २.०५ मीटर धरू.

सर्वांत जड गिअर: ४२ ÷ १४ = ३, म्हणजे एका फेऱ्यात ६.१५ मीटर.
सर्वांत हलका गिअर: २४ ÷ २८ = ०.८६, म्हणजे सुमारे १.७५ मीटर.

आता हे पाहा. ४२ ÷ २८ = १.५ आणि २४ ÷ १६ = १.५. दोन वेगळे गिअर, पण चाल एकच! शिवाय ४२ वरून २८ वर जाणारी चेन तिरपी चालते आणि लवकर झिजते. असे गिअर शहाणा सायकलस्वार वापरतच नाही. म्हणून स्टिकरवरच्या आकड्याला भुलू नका.

साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते, परिघ २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर. आपले इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. सुदामा नगरातून अन्नपूर्णा मंदिर किंवा राजवाड्यापर्यंत जाताना घाट लागत नाही. रोज शाळेत येणाऱ्या मुलाला ५.४ मीटरची ती एकच चाल बहुतेक वेळा पुरते. जानापाव किंवा रालामंडलची टेकडी चढायची असेल तेव्हा १.७५ मीटरच्या गिअरचे मोल कळते.

शॉकर, डिस्क आणि वजन

शॉकरमध्ये दोन गोष्टी हव्यात. एक स्प्रिंग, जी दबते. आणि दुसरी, त्या स्प्रिंगचे उसळणे आवरणारी तेलाची किंवा तशीच काही योजना. स्वस्त शॉकरमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती खड्ड्यात दबते आणि लगेच उसळते. उभे राहून पेडल मारले की तुमची काही ताकद चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यातच जाते. मागेही शॉकर असेल तर एक सांधा वाढतो, तो झिजतो आणि सायकल डुलू लागते.

स्वस्त दोन-शॉकरवाल्या सायकलीचे वजन १८ किलोपर्यंत सहज जाते. मुलाचे वजन ४५ किलो असेल तर सायकल त्याच्या ४० टक्के झाली. तुलनेने चांगली ॲल्युमिनियमची माउंटन सायकल १३-१४ किलोची असते.

डिस्क ब्रेक वाईट नाही. चिखलात आणि पावसात तो रिमच्या ब्रेकपेक्षा चांगला चालतो. पण स्वस्त तारेच्या डिस्कची पकड वारंवार जुळवावी लागते आणि स्टँडमध्ये दुसरी सायकल अंगावर पडली की तबकडी वाकते. साध्या ब्रेकच्या सायकलीला नंतर डिस्क लावायची तर हब बदलावे लागतात, म्हणजे चाकच नव्याने गुंफावे लागते. आणि फ्रेमवर पकड बसवायची जागा नसेल तर काम होतच नाही. गिअरचेही तसेच. मागे सहाच्या जागी नऊ चक्र्या हव्यात तर चाकाचा हब, चेन, गिअर बदलणारा भाग आणि हँडलवरचा खटका, सगळेच बदलते.

मिस्त्रींनी त्या दिवशी हिंदीतली म्हण ऐकवली: महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार. म्हण खरी आहे, पण आम्ही तिला एक पुस्ती जोडतो. महाग घेण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तेव्हा कमी पैशात नीट कसे घ्यावे हे शिकायला हवे.

आम्ही स्वतःही चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी घरच्या मुलासाठी आम्ही रंग आणि दोन शॉकर पाहून सायकल आणली होती. वर्षभरात तिचा मागचा सांधा खिळखिळा झाला आणि ती गॅलरीत धूळ खात पडली. ज्याला आम्ही वर्गात "विचार करून निवडा" असे शिकवत होतो, त्याच्यासमोर आम्हीच विचार न करता निवडले होते.

मग काय करावे?

पहिले, कामाप्रमाणे सायकल घ्या. शाळा, शिकवणी आणि बाजार एवढेच काम असेल तर साधी, बिनगिअरची सायकल उत्तम. हिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाला; तरी त्या जुन्या काळ्या सायकली दुरुस्त होतात, कारण साध्या सायकलींची मापे ठरलेली आहेत.

दुसरे, माउंटन सायकलच हवी आणि पैसे कमी असतील तर शॉकर नसलेली, साध्या रिम ब्रेकची घ्या. ज्या पैशात शॉकर येतो त्याच पैशात कारखाना चांगली चाके आणि चांगले ब्रेक देऊ शकतो. ओळखीची, नीट राखलेली जुनी सायकल हाही चांगला मार्ग आहे. मात्र फ्रेमच्या जोडांवर तडा नाही ना, हे उजेडात पाहून घ्या.

तिसरे, घेतलेल्या स्वस्त सायकलीवर खर्च याच क्रमाने करा: ब्रेकचे रबर आणि तारा, छर्रे व ग्रीस, चाकाचा आउट काढणे, चेन आणि शेवटी टायर. डांबरी रस्त्यावर खोल खाचांच्या टायरपेक्षा कमी खाचांचे टायर हलके चालतात. या वस्तू झिजणाऱ्याच आहेत, म्हणून त्यांच्यावरचा पैसा वाया जात नाही.

चौथे, शॉकर, डिस्क आणि जास्तीचे गिअर यांवर स्वस्त सायकलीत पैसा घालू नका. आमचा साधा नियम असा: सुधारणेचा खर्च सायकलीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून वर जाऊ लागला की थांबा आणि तो पैसा पुढच्या सायकलीसाठी साठवा.

घरी करून पाहा

१. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरले तर त्या दिवशी सायकल चालवू नका.
२. चेनवर एका पिनेच्या मध्यापासून मोजा. नव्या चेनमध्ये चोवीस पिना पुढे बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरले तर चेन बदला. १/८ इंच वाढेपर्यंत थांबलात तर चक्र्याही गेल्या असे समजा.
३. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. गुडघे वाकलेले राहिले तर सीट वर करा.
४. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो. तो शोधून वहीत लिहा.
५. आपल्या सायकलीचे सर्व दाते मोजून गिअरचा तक्ता करा. सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी हा तक्ता गणिताच्या शिक्षकांना दाखवावा.

विश्वस्त मंडळास विनंती

१८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे छोटे दुकान सुरू केले. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्याच घराण्याचा एक कारखाना आज आपल्या शेजारी देवासला आहे. ज्या हातांनी सायकल खोलली-जोडली त्याच हातांनी पुढे नांगर केले. आपली मुले यंत्राला हात लावायला घाबरू नयेत, एवढेच आम्हाला यातून सांगायचे आहे.

म्हणून मंडळासमोर आम्ही एक लहान प्रस्ताव ठेवत आहोत. सायकल स्टँडजवळ एक पंप, पान्यांचा संच, ग्रीसचा डबा आणि एक स्टीलची पट्टी कायम असावी. दर शनिवारी शेवटच्या तासाला मोठ्या वर्गातील मुलांनी लहानांच्या सायकलींचे ब्रेक तपासावेत. खर्च फार नाही. पालकांनाही विनंती की मुलाचा ब्रेक लागला नाही असे कळले तर आधी रागावू नका, आधी ब्रेक पाहा. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. सायकल तीच आहे, शॉकर तोच आहे. मिस्त्रींकडून तो आउट काढायला शिकला आहे, आणि शनिवारचे काम सुरू झाले तर पान्यांचा संच सांभाळायला आपण तयार आहोत असे त्याने आम्हाला आधीच सांगून ठेवले आहे.