स्वार नसलेला घोडा

दक्षिण मुंबईत, जेथे एके काळी किल्ल्याची तटबंदी होती, तेथील एका गजबजलेल्या भागास 'काळा घोडा' म्हणतात. ती तटबंदी १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडण्यात आली. तिची आठवण एका रस्त्याच्या 'रॅम्पार्ट रो' या जुन्या नावात उरली आहे. रॅम्पार्ट म्हणजेच तट.

१८७५ साली इंग्लंडचे युवराज एडवर्ड मुंबईस आले होते. त्या भेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून या धनिक व्यापाऱ्याने युवराजांचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. बोएम नावाच्या शिल्पकाराने घडविलेला हा कांस्याचा पुतळा १८७९ साली येथे उभा राहिला. घोड्यावर स्वार झालेले युवराज मोठे रुबाबदार दिसत. परंतु येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मनात भरला तो घोडा! काळ्या रंगाच्या त्या घोड्यावरून लोकांनी साऱ्या परिसराचेच बारसे केले. युवराज १९०१ साली राजे झाले. तरीही नाव बदलले नाही. ते कोणत्याही सरकारी हुकुमाने पडलेले नव्हते, मग बदलणार कसे?

देश स्वतंत्र झाल्यावर परकीय सत्तेची स्मारके भर रस्त्यात का ठेवावीत, असा प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्तच होता. १९६५ साली हा पुतळा तेथून काढून भायखळ्याच्या उद्यानात, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, नेण्यात आला. स्वार गेला, घोडाही गेला. मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. पण पत्ता सांगताना लोक 'काळा घोडा' असेच सांगत राहिले. १९९९ साली तेथे कलामहोत्सव सुरू झाला, त्यालाही हेच नाव मिळाले. त्या वेळी तेथे घोडा नव्हता!

अखेर २०१७ साली या परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला. वास्तुशिल्पी अल्फाझ मिलर यांनी त्याची कल्पना मांडली आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी तो घडविला. चौकातील पुतळा म्हटला की कोणीतरी थोर पुरुष डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र पाठीवर कोणीच नाही. जुन्या पुतळ्याची हुबेहूब प्रतिकृती करणे सोपे होते; पण लोकांनी जपले ते घोड्याचे नाव, स्वाराचे नव्हे. शिल्पकारानेही तेवढेच घेतले आणि उरलेले गाळले.

असे गाळणे मारेगावच्या मुलांना नवे वाटू नये. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात. त्या नंदीचे पाय खांबांसारखे सरळ, खाली चाके. अंगावर ना केस, ना स्नायू. तरी मानेचा बाक आणि शिंगांचा डौल सुताराला साधला की हा बैल नव्हे असे कोणी म्हणत नाही. आधुनिक शिल्पकारही पुष्कळदा असेच करतो: सारे दाखवीत नाही, जे हवे तेवढेच ठेवतो. त्यामुळे पाहणारा प्रथम बुचकळ्यात पडतो. काळा घोड्याच्या महोत्सवात रस्त्यावर मांडलेली शिल्पे पाहतानाही पुष्कळांचे असेच होते. अशा वेळी पाटी वाचण्याची घाई करू नये. चित्र समोरून पाहावे. शिल्पाला मात्र सावकाश एक प्रदक्षिणा घालावी, आणि मागची बाजू पाहण्यास विसरू नये.